रॉकेटगाडीचा अंदाज

माझ्या सासऱ्यांचा डावा डोळा गेलाय हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं, आणि कळलं ते एका प्लॅस्टिकच्या रॉकेटगाडीमुळे. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलंय. प्रत्येक वेळी समोरचा माणूस 'हिचं बरं आहे ना' अशा नजरेने माझ्याकडे बघतो. म्हणून नीट पहिल्यापासून सांगते.

ती गाडी माझ्या नवऱ्याने आणली. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्याचं जहाज इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात काही दिवस अडकून पडलं. बंदराजवळच्या एका दुकानात त्याला मोठी मोठी, दाढी-मिशावाली माणसं टेबलावर लढाई खेळताना दिसली. हा गडी तिथेच रमला. सुट्टीवर आला तेव्हा मी सेंटची बाटली आणि चॉकलेटं मिळतील अशा आशेवर होते. त्याने बॅगेतून काढला एक भलामोठा खोका. आत बोटाच्या पेराएवढे सैनिक, रणगाड्यांचे सुटे भाग आणि नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. मी त्या दिवशी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. माझ्या नाकावर राग असतो असं माहेरीही म्हणायचे, त्यात खोटं काही नाही.

पुढच्या सफरीत त्याने ते सगळं केबिनमध्ये बसून चिकटवलं, बारीक ब्रशने रंगवलं आणि परत आल्यावर आम्हाला दाखवलं. खेळ असा की कुठल्या तरी लांबच्या ग्रहावर माणसांची आणि परग्रहवासीयांची फौज एकमेकांशी लढते. पट वगैरे काही नाही. जमीन हेच रणांगण. आपण थर्माकोलच्या टेकड्या मांडायच्या, पुस्तकांचे डोंगर करायचे, फासे टाकायचे आणि मेजरिंग टेपने इंच मोजून सैन्य पुढे न्यायचं.

या सगळ्यात माझ्या नजरेत भरली ती रॉकेटगाडी. तळव्यावर मावेल एवढी, हिरवट रंगाची, चाकांभोवती रणगाड्यासारखे पट्टे असलेली. पाठीवर रॉकेटं ठेवायची घोडी, आणि ती घोडी आभाळाकडे तोंड करून तिरकी उभी. बाकी तोफांना शत्रू समोर दिसावा लागायचा, हिला नाही. ही टेकडीमागे लपून रॉकेटं टेकडीवरून पलीकडे टाकायची. मात्र तिला एक अट होती. मारा करण्याआधी टेप लावायचा नाही. शत्रू किती इंचांवर आहे ते नुसत्या नजरेने ठरवून मोठ्याने सांगायचं. सांगून झाल्यावरच मोजायचं, आणि आपण बोललो त्या अंतरावर रॉकेट पडायचं. अंदाज चुकला तर रॉकेट रिकाम्या जमिनीवर, नाहीतर आपल्याच माणसांवर. सासूबाईंनी तिचं नाव 'फटाक्याची गाडी' ठेवलं आणि घरात तेच चालू झालं.

नवरा परत जहाजावर गेला. खोका कपाटावर चढला. घरात उरलो आम्ही तिघं, मी आणि सासू-सासरे.

आम्ही नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. सासूबाईंचं माहेर गव्हाणचं. सासरेही त्याच बाजूच्या गावातले, पण शिकून वीज खात्यात लागलेले आणि पनवेलच्या आसपास लाइनी टाकण्यात आयुष्य घालवलेले. मी ठाण्याची. त्यांच्या घरात मासळीला जितके प्रकार होते तितकी मला नावंही माहीत नव्हती. सासूबाईंशी माझं पटकन जमलं. त्या सारख्या बोलायच्या आणि मी सारखी हसायचे. सासऱ्यांशी मात्र 'बाबा, चहा ठेवू का?' आणि 'ठेव' यापलीकडे गाडी जात नव्हती. वाईट नव्हते हो, अजिबात नव्हते. निवृत्तीनंतर त्यांना काही सुचत नव्हतं इतकंच. सकाळी पेपर वाचायचे, मग गॅलरीत उभं राहून समोरच्या खांबावरच्या तारा बघत बसायचे.

दिवसाआड मात्र त्यांच्या अंगात उत्साह यायचा, कारण त्या दिवशी गव्हाणला जायचं असायचं. सासूबाईंची आई तिकडे भावाच्या घरी अंथरुणाला खिळली होती. तिला सासूबाईंच्याच हातचं जेवण लागायचं, दुसऱ्या कुणी भरवलं तर ती तोंड फिरवायची. म्हणून दिवसाआड सासरे स्कूटर काढायचे, सासूबाई डबा घेऊन मागे बसायच्या आणि दोघं उरणच्या रस्त्याला लागायचे. न्हावा शेवाचं बंदर सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग असायची. एकेक ट्रेलर बाजूने गेला की स्कूटर हलायची, असं सासूबाई सांगायच्या. सासरे म्हणायचे, "चाळीस वर्षं चालवतोय. माझी नजर आहे."

नजरेचा त्यांना फार अभिमान होता. दोन खांबांमधलं अंतर ते पायाने न मोजता सांगायचे असं त्यांच्या खात्यातले लोक घरी आले की हमखास निघायचं. बिल्डिंगमध्ये कुणाकडे नवीन कपाट आलं की ते दारातून जाईल का हे बघायला यांना बोलावणं यायचं. हे लांबूनच बघून 'आडवं करा' किंवा 'सरळ आत घ्या' एवढंच सांगायचे.

तर एका रविवारी दुपारी त्यांनी स्वतःहून तो खोका खाली काढला. धूळ पुसली, रॉकेटगाडी हातात घेतली आणि मला विचारलं, "काय गं, हे नक्की खेळतात कसं?"

मला इतका आनंद झाला की मी जेवणाची भांडी तशीच ठेवून नियमांचं पुस्तक घेऊन बसले. इंग्रजी वाचायचं आणि त्यांना समजावायचं, हे काम माझं. त्यांनी माणसांची फौज घेतली, मला परग्रहवासी दिले. सासूबाई म्हणाल्या, "बरोबर दिलंय. तू ठान्याचीच हायस." घरात बऱ्याच दिवसांनी तिघंही एकदम हसलो.

मग दर रविवारी जेवणं उरकली की बैठकीच्या खोलीत लढाई सुरू. टेकड्यांसाठी नवीन फ्रिजच्या पॅकिंगचा थर्माकोल होताच. झाडं मी भांडी घासायच्या स्पंजची केली. तांदळाचा डबा हा किल्ला. आणि बाबा प्रत्येक वेळी जिंकायचे. बाकीचं सैन्य ते कसंही हलवायचे, त्यात त्यांना गम्य नव्हतं. त्यांचा सगळा जीव त्या रॉकेटगाडीत. गाडी तांदळाच्या डब्यामागे लपवायची, मान जरा कलती करायची, थोडं थांबायचं आणि म्हणायचं, "सव्वीस." मी टेप लावायचे. सव्वीस! माझे परग्रहवासी आडवे. मी चिडायचे, टेप आपटायचे. तेव्हा ते मिशीत हसून म्हणायचे, "ठाण्याला खांब नसतात का गं?"

हरायला मला कधीच आवडलं नाही. पण त्या रविवारांची मी वाट बघू लागले होते हेही खरं. आता ते मला हाक मारून पेपरातली बातमी दाखवायचे. मी चहा ठेवला की स्वयंपाकघरात येऊन माझ्या पुढच्या चालीवर टोमणे मारायचे. नवऱ्याचा बंदरावरून फोन आला की आधी लढाईचा निकाल सांगायचे आणि मग तब्येत विचारायचे. वडील मिळाल्यासारखं वाटत होतं, असं सरळच लिहिते.

ते पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या फरशीला ओल यायची आणि बाबा खाली मांडी घालून बसले की त्यांचे गुडघे धरायचे. एका रविवारी सासूबाईंनी भांडण काढून सगळ्या खोलीभर सोलापुरी चादरी अंथरल्या आणि म्हणाल्या, "आता काय ती मारामारी हिच्यावर करा."

आम्ही टेकड्या चादरीवर मांडल्या. बाबांनी गाडी लपवली, मान कलती केली, नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला आणि म्हणाले, "अठरा."

मी मोजलं. माझी टोळी पंचवीस इंचांवर होती. रॉकेट त्यांच्याच पुढे गेलेल्या तुकडीवर पडलं. मी टाळ्या पिटल्या. पुढचं रॉकेट पार माझ्या मागे जाऊन भिंतीशी पडलं. तिसरंही चुकलं. इतक्या महिन्यांचं उट्टं निघत होतं, मी काय सोडते! "बाबा, पनवेलला खांब नसतात का हो?" मी विचारलं. ते हसले नाहीत. "आज पुरे," म्हणून उठले.

पुढच्या रविवारी चादरीवर पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी चादरी धुवायला पडल्या होत्या, म्हणून पुन्हा उघड्या फरशीवर बसलो. आणि बाबांचा नेम परत आला. "एकतीस." एकतीस! "चौदा." चौदा! दुसऱ्या वेळी माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. ओठ पुटपुटल्यासारखे हलत होते आणि नजर माझ्या सैन्याकडे नव्हतीच, खाली जमिनीवर होती. एक, दोन, तीन.

आमची फरशी मोझेकची, दहा इंची. बिल्डिंगभर तीच. हा माणूस फरश्या मोजत होता!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके महिने मी नियम वाचून दाखवतेय, मोजायचं नाही म्हणून घसा फोडतेय, आणि हे खाली बघून फरश्या मोजून माझी फौज झोपवतायत. टेप बाजूला फेकून मी म्हटलं, "बाबा, तुम्ही फरश्या मोजता! हे चालणार नाही. ही सरळ सरळ चोरी झाली."

मला वाटलं ते नाही म्हणतील, हसतील, निदान मिशीवरून हात फिरवतील.

"मोजतो," ते म्हणाले.

"का पण? तुम्हाला तर नुसत्या नजरेने कळतं ना?"

"कळायचं. पूर्वी. आता नाय कळत."

घरात ते नेहमी शुद्ध बोलायचे, नोकरीतली सवय. ते 'नाय' माझ्या कानाला खटकलं. त्यांनी रॉकेटगाडी खाली ठेवली, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"आता तू मला दिसत नाहीस," ते म्हणाले. "समोर बसलीयस ते माहीत आहे म्हणून तिकडे बघतोय. मधे सगळं धुरकट. कडेला जरासा उजेड आहे, बस."

एका डोळ्याने माणसाला जवळ-लांब नीट कळत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं. दाढी करताना साबणाचा फेस उजव्या डोळ्यात गेला, तो मिटला, आणि आरशातला चेहरा नाहीसा झाला. तेव्हा त्यांना कळलं. दुखलं नाही, लाल झालं नाही, काही नाही. त्याला वर्ष होत आलं होतं. इतके दिवस ते मूग गिळून बसले होते. कपाटवाल्यांना 'आता गुडघे दुखतात' म्हणून टाळत होते आणि चहाचा कप टेबलावर ठेवताना आधी बोटाने टेबलाची कड चाचपत होते. हे मी रोज बघत होते आणि मला ते वयाचं वाटत होतं.

मग मला एकदम उरणचा रस्ता आठवला.

"आणि स्कूटर?" मी विचारलं.

"स्कूटरचं काय? वर्षात कुठे धडकलो का?"

"बाबा, तो रस्ता कसला आहे! आणि मागे आई असतात!"

"हळू बोल." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "तिला सांगू नकोस. गाडी बंद झाली तर ती गव्हाणला कशी जाणार? बसचा काही भरवसा आहे का? तिकडे म्हातारी उपाशी राहील. म्हातारी आहे तोवर चालवतो, मग मीच किल्ली तुझ्या हातात देतो. शब्द देतो तुला."

खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. या माणसाने माझ्याकडे स्वतःहून कधी काही मागितलं नव्हतं. आणि आता मागत होते तर हे! मी हो म्हटलं असतं तर आमच्यात एक गुपित झालं असतं. त्यांनी मला आणखी जवळचं मानलं असतं. आणि दिवसाआड ते दोघं खाली उतरले की मी गॅलरीत उभी राहून ते परत येईपर्यंत रस्त्याकडे डोळे लावून राहिले असते.

"मी आत्ताच्या आत्ता सांगणार," मी म्हटलं.

"सूनबाई!" त्यांनी आवाज चढवला. माझ्यावर पहिल्यांदाच.

"ओरडा. मी सांगणारच."

आमचा आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. कोलंबी सोलत होत्या, हात तसेच ओले. "काय झालं? हरलीस काय तू?" त्यांनी मला विचारलं. मग त्यांनी आमच्या दोघांचे चेहरे बघितले.

मी एका दमात सांगितलं. "आई, बाबांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. वर्ष झालं. ते तसेच स्कूटर चालवतायत."

बाबांनी मान खाली घातली. शाळेत वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे दिसत होते. मला रडू येत होतं, पण मी डोळे वटारून उभी राहिले.

सासूबाईंनी पदराला हात पुसले. नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मना माहीत हाय," त्या म्हणाल्या.



त्या खाली बसल्या आणि सांगू लागल्या. बऱ्याच महिन्यांपूर्वी रस्त्यात डाव्या अंगाला एक सायकलवाला अगदी खेटून होता, तरी यांनी स्कूटर तिकडेच घेतली. तो बिचारा चिखलात उतरला म्हणून वाचला. सासूबाईंना संशय आला. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मुद्दाम यांच्या डाव्या हाताला लोणच्याची वाटी ठेवली. यांनी लोणचं मागितलं. वाटी हाताशी असताना मागितलं.

"मग तुम्ही बोलला का नाही?" मी विचारलं.

"बोलून काय? डॉक्टरकडं चला म्हटलं दोनदा, तर माझ्यावरच डाफरले. डोले दाखवाला गेले की गाडी जानार, ते काय मना कलत नाय?"

स्कूटरवर त्या साडीत एका बाजूला पाय सोडून बसायच्या. तशी बसलेली बाई आपोआप डावीकडे तोंड करून असते. त्यांचा उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर असायचा. डावीकडून ट्रेलर आला, गोदामाच्या फाटकातून एखादा ट्रक बाहेर निघाला, म्हशी आडव्या आल्या की त्या खांदा दाबायच्या. ते वेग कमी करायचे. गाडी पुढे गेली की त्या बोटं सैल करायच्या. असं पनवेलपासून गव्हाणपर्यंत आणि गव्हाणपासून पनवेलपर्यंत, दिवसाआड.

बाबांनी आपल्या खांद्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला वाटायचं तू घाबरतेस म्हणून दाबतेस."

"घाबरायचेच," सासूबाई म्हणाल्या. "पन दाबायचे ते गाडी आली म्हणून."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं काही होण्यासारखं नव्हतं. उजव्यातही सुरुवात झाली होती, पण थेंब वेळच्या वेळी टाकले तर तो राहील असं डॉक्टर म्हणाले. तो राहिला. बाबा शेवटपर्यंत पेपर वाचत होते. थेंब टाकायचं काम मी माझ्याकडे घेतलं आणि त्यात एकदाही हयगय होऊ दिली नाही.

स्कूटर त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या हाताने पुसली आणि खात्यातल्या एका तरुण सहकाऱ्याला दिली. तो ती सुरू करून गेला तेव्हा बाबा गॅलरीत न थांबता आत येऊन बसले. मी चहा ठेवला. त्यांनी टेबलाची कड चाचपून कप ठेवला, आणि माझ्यावर राग नव्हता.

रविवारच्या लढाया चालूच राहिल्या. आमच्या घरापुरता नियम बदलला. बाबांना फरश्या मोजायची परवानगी. नवऱ्याने फोनवर कुरकुर केली की असं चालत नाही, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. मी म्हटलं, तू ये आणि तुझ्या बापाला सांग. तो लगेच आला नाही, आणि आला तेव्हा त्यानेही काही सांगितलं नाही.

गव्हाणला मी सासूबाईंबरोबर जाऊ लागले. सहा सीटर रिक्षात आम्ही दोघी कोंबून बसायचो, मांडीवर डबा. एकदा पुढे ट्रेलरांची रांग लागली होती आणि आमची रिक्षा त्यांच्यामधल्या फटीत घुसून पुढे सरकत होती. धुरळा, हॉर्न, आणि अगदी हाताशी माणसाच्या उंचीची चाकं. मी डोळे मिटून घेतले. हे दोघं इथून दोन चाकांवर जायचे! आणि मग मनात कधीपासून अडकलेला प्रश्न मी विचारून टाकला.

"आई, तुम्हाला सगळं माहीत होतं. तरी तुम्ही मागे बसलात कशाला? आजीला भरवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून?"

"आजीचं काय गं," सासूबाई म्हणाल्या. "आईकडं तर मी चालत पन गेले असते."

"मग?"

त्यांनी डब्याचं झाकण नीट बसलंय का ते बघितलं. "त्या सायकलवाल्याच्या नंतर ते गाडी घेऊन एकटे कुठं गेलेले तुला आठवतंय?"

मी आठवू लागले. बाजार, दळण, खात्यातल्या मित्रांकडे, लग्नाकार्याला, पेन्शनच्या कामाला. कुठेच नाही. प्रत्येक वेळी या मागे होत्या. भर उन्हात, हातातलं काम टाकून, कधी अंगात ताप असताना.

"मी नाय म्हटलं असतं तरी ते गाडी काढायचेच," त्या म्हणाल्या. "मी उतरले असते, तर डावीकडची गाडी त्यांना कोन सांगनार?"